घराला सोबत घेणारा उपचार

किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला मनाचा आजार जडला की समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिल्या प्रतिक्रियेत आईवडील आरोपी ठरतात. 'नको तेवढे लाड केले', 'आईचे घरात लक्ष नाही', 'वडिलांचा धाक राहिला नाही' असे निष्कर्ष नातेवाईक आणि शेजारी परस्पर काढून मोकळे होतात. दुसऱ्या प्रतिक्रियेत आईवडील प्रेक्षक होतात. मुलाला डॉक्टरांच्या हवाली करायचे, गोळ्या वेळेवर द्यायच्या आणि तो पहिल्यासारखा होण्याची वाट पाहायची, एवढेच आपले काम आहे असे ते मानतात. कुटुंबोपचार, म्हणजे फॅमिली थेरपी या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती, या दोन्ही समजुती बाजूला सारून कुटुंबाला तिसरी जागा देते, आणि ती जागा उपचारातील सहकाऱ्याची असते. भारतात ही पद्धत रुजवण्याचे मोठे काम बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या निमहान्समध्ये झाले. त्या कामाचा इतिहास आणि त्यामागचा विचार वयात येणारी मुले ज्या घरात आहेत अशा प्रत्येक मराठी घराने समजून घ्यावा इतका मोलाचा आहे.

प्रश्नाचा आवाका

बंगळुरूत डॉ. शोभा श्रीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील मध्यमवर्गीय वस्त्या, झोपडपट्ट्या आणि ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणच्या, १६ वर्षांपर्यंतच्या २०६४ मुलांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. या मुलांपैकी १२.५ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मनोविकार आढळला आणि तिन्ही भागांतील प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, त्यामुळे हे दुखणे श्रीमंतांचे किंवा शहरी मुलांचे आहे ही समजूत टिकत नाही. त्याहून अधिक विचार करायला लावणारा भाग पुढचा आहे. मुलाला उपचारांची गरज आहे हे कुटुंबाला कितपत जाणवते याचा शोध घेतला असता, आपल्या मुलाला काही त्रास आहे असे केवळ ३७.५ टक्के कुटुंबांना वाटत असल्याचे दिसून आले. पुढे निमहान्सच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के नोंदले गेले.

आजार घरात असूनही घराच्या लक्षात का येत नाही, याचे एक कारण किशोरवयातच दडलेले आहे. या वयात मूल आईवडिलांपासून थोडे दूर सरकते, मित्रांमध्ये अधिक रमते, उलट उत्तरे देते, खोलीचे दार लावून घेते, आणि हे सारे वाढीचेच भाग असतात. प्रौढ माणसाचे नैराश्य उदासपणातून आणि रडण्यातून ओळखू येते. किशोरवयीन मुलाचे नैराश्य मात्र पुष्कळदा चिडचिडीचे रूप घेते, त्यामुळे 'वयच तसे आहे' किंवा 'अंगात माज आलाय' असे म्हणून त्याची बोळवण होते. म्हणून एखाद्या प्रसंगापेक्षा बदलाचा कालावधी आणि व्याप्ती पाहणे महत्त्वाचे असते. झोप, भूक, अभ्यास, मैत्री आणि आवडीचे खेळ या सर्वांवर दोन आठवड्यांहून अधिक काळ परिणाम होत असेल, मूल स्वतःला इजा करीत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो वयाचा भाग मानून थांबणे धोक्याचे असते. जगभरात मनोविकारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या वयात मूल ज्यांच्या सहवासात सर्वाधिक असते ते त्याचे घरच असते.

अमृतसरचे तंबू आणि बंगळुरूचे केंद्र

रुग्णासोबत कुटुंबालाही रुग्णालयात स्थान देण्याची कल्पना भारताला बाहेरून घ्यावी लागली नाही. पाश्चात्य देशांत मनोरुग्णाला घरापासून दूर, मोठ्या आवाराच्या संस्थेत ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती, आणि ब्रिटिश अमदानीत भारतातही तीच प्रथा आली. बंगळुरूत १८४७ साली सुरू झालेले मनोरुग्णालय याच प्रथेतून आले होते. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी ही प्रथा मोडली. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या मोकळ्या आवारात तंबूत राहू दिले, रुग्णाची देखभाल त्यांच्या सहभागाने केली आणि त्यांच्याशी आजाराबद्दल सामूहिक गप्पा मारण्याचा पायंडा पाडला. रुग्णालयात माणसे आणि साधने कमी होती ही अडचण त्यामागे होती, परंतु नातेवाईक सोबत असलेला रुग्ण लवकर सावरतो आणि घरी परतल्यावर त्याला स्वीकारले जाते, हे या प्रयोगातून दिसून आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये आपले मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले तेव्हा तेथेही रुग्णासोबत घरातील व्यक्तीने राहण्याची पद्धत अंगीकारली गेली.

बंगळुरूत १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि १९७४ मध्ये ती व जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून निमहान्सचा जन्म झाला. त्याच दशकात या संस्थेत कुटुंबाला केवळ सोबती न मानता कुटुंबातील परस्परसंबंधांवरच उपचार करण्याचे काम आकाराला आले, आणि त्यासाठी स्वतंत्र कुटुंब मनोविकार केंद्र उभे राहिले, जेथे घरातील माणसांना एकत्र दाखल करून घेता येई. डॉ. एस. एम. चन्नबसवण्णा आणि मनोसामाजिक कार्याच्या क्षेत्रातील डॉ. आर. एस. भट्टी यांनी मनोरुग्णांच्या कुटुंबांतील देवाणघेवाणीचा अभ्यास केला. पुढे भट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांसाठी मोजपट्टी तयार केली, जिच्यात घरातील नेतृत्व, संवाद, प्रत्येकाची भूमिका, परस्परांतील एकोपा, चांगल्या-वाईट वागण्याला घरातून मिळणारा प्रतिसाद आणि बाहेरून मिळणारा आधार अशा सहा अंगांनी कुटुंबाकडे पाहिले जाते. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात डॉ. मालविका कपूर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी शाळा आणि शिक्षक यांनाही या कामात जोडून घेतले.

विचार कसा बदलत गेला

पाश्चात्य जगात कुटुंबोपचाराची सुरुवात १९५० च्या दशकात झाली, आणि ती एका मोठ्या चुकीच्या छायेत झाली. त्या काळात तीव्र मनोविकारांचे मूळ आईच्या वागण्यात असल्याचे सिद्धान्त मांडले जात होते. पुढील संशोधनाने ते फोल ठरवले आणि अशा आजारांमागे आनुवंशिकता, मेंदूचा विकास, परिस्थितीचे ताण अशी अनेक कारणे एकत्र असतात हे स्पष्ट केले, परंतु त्या सिद्धान्तांनी असंख्य मातांच्या माथी अपराधाचे ओझे मारले. या काळातील एक विचार मात्र टिकला. कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंब ही एक व्यवस्था आहे, तिच्यातील एका माणसाच्या वागण्याचा इतरांवर आणि इतरांच्या प्रतिसादाचा पुन्हा त्याच्यावर परिणाम होत राहतो, असे मांडले. या दृष्टीने पाहिले की 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे चक्र चालू कशामुळे राहते' हा प्रश्न पुढे येतो.

अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले साल्व्हादोर मिनूचिन यांनी गरीब वस्त्यांतील किशोरवयीन मुलांबरोबर काम करताना कुटुंबाच्या रचनेवर भर दिला. आईवडील आणि मुले यांच्यामध्ये स्पष्ट पण लवचीक सीमा असावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. ही सीमा फार कडक झाली की मूल एकटे पडते आणि ती पुसली गेली की मुलाला स्वतःचे असे काही उरत नाही. मरे बोवेन यांनी 'त्रिकोणा'ची कल्पना मांडली, म्हणजे नवराबायकोतील ताण असह्य झाला की तो नकळत तिसऱ्याकडे वळतो आणि बहुधा ते घरातील मूल असते. आईवडील एकमेकांशी थेट न बोलता मुलामार्फत बोलू लागले, किंवा मुलाच्या आजाराने दोघांना तेवढ्यापुरते एकत्र आणले, की मुलाच्या खांद्यावर त्याच्या वयाला न पेलणारी जबाबदारी येते.

उपचाराच्या खोलीत

प्रत्यक्षात हे उपचार कसे चालतात, हे समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांपुढे आणता येईल. कुटुंब पुण्याहून नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेले आहे, वडील व्हाइटफील्डमधील कंपनीत आहेत, आईने नोकरी सोडली आहे, मुलगा पी.यू. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे, धाकटी बहीण सातवीत आहे आणि आजी वर्षातून काही महिने येऊन राहते. चार महिन्यांपासून मुलगा कॉलेजला जात नाही, रात्रभर मोबाइल पाहतो, दुपारी उठतो आणि कोणी काही विचारले की दार लावून घेतो. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला नैराश्य असल्याचे निदान केले आहे आणि औषध सुरू झाले आहे.

पहिल्या बैठकीत उपचारक, जो मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित मनोसामाजिक कार्यकर्ता असू शकतो, प्रत्येकाला बोलण्याची समान संधी देतो आणि कोण कोणाशेजारी बसले, कोण कोणासाठी उत्तर देते, कोण बोलले की कोण गप्प होते याची नोंद घेतो. कागदावर तो तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढतो, ज्यात नाती, आजार, मृत्यू, स्थलांतर आणि दुरावे खुणांनी दाखवले जातात; 'आमच्या घराण्यात असले काही नाही' असे ठामपणे सांगणाऱ्या घरातही या कागदावर एखाद्या काकाच्या दीर्घ मौनाची किंवा आत्याने जेवण सोडल्याची आठवण अचानक वर येते. त्यानंतर इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले चक्राकार प्रश्न विचारले जातात, म्हणजे दोघांमधील संबंधाविषयी तिसऱ्याला विचारले जाते. 'दादा दार लावून घेतो तेव्हा आई काय करते?' या प्रश्नावर बहीण सांगते की आई दाराबाहेर उभी राहून हाका मारते. 'मग बाबा?' बाबा ओरडतात. 'मग आजी?' आजी बाबांना म्हणते, पोराला छळू नका. 'मग दादा?' दादा कडी घालतो. कोणालाही दोष न देता संपूर्ण चक्र सर्वांसमोर येते. आईची काळजी, वडिलांची भीती, आजीची माया आणि मुलाची हतबलता या चारही भावना खऱ्या असूनही त्या एकमेकींना कसे अडवतात, हे त्या घराला बहुधा प्रथमच दिसते.

यानंतरचे काम लहान आणि ठोस बदलांचे असते. दार वाजवून उत्तराची वाट पाहायची, दिवसातले एक जेवण मोबाइलविना एकत्र घ्यायचे, अभ्यासाविषयी फक्त ठरलेल्या वेळी आणि फक्त एकाने बोलायचे, आजीने मुलासमोर वडिलांची चूक काढायची नाही आणि आईवडिलांनी मतभेद आपल्या खोलीत मिटवायचे, अशा गोष्टी घर स्वतः ठरवते. उपचारक मुलाला आजारापासून वेगळे पाहायला शिकवतो. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल व्हाइट यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत 'तू आळशी आहेस' या वाक्याची जागा 'हे नैराश्य तुला सकाळी उठू देत नाही, त्याला आपण मिळून कसे हटवू' हे वाक्य घेते, आणि घर मुलाच्या विरुद्ध उभे राहण्याऐवजी आजाराच्या विरुद्ध उभे राहते.

मंत्रचळ या विकारात कुटुंबाचा सहभाग आणखी वेगळ्या कारणाने लागतो. या विकारात मनात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची भीती घालवण्यासाठी हात धुणे, तपासून पाहणे अशा कृती कराव्याशा वाटतात. असा विकार जडलेल्या मुलीची तगमग न पाहवल्याने आई तिच्यासाठी नळ सोडून देते, वडील बाहेरून आल्यावर आधी आंघोळ करतात, 'सगळे स्वच्छ आहे ना?' या प्रश्नाला घरातील प्रत्येकजण दिवसातून कित्येकदा 'हो' म्हणतो, आणि या प्रेमळ सवलतींवरच आजार पोसला जातो. त्या सवलती एकदम बंद केल्या तर घरात आकांत होतो, म्हणून उपचारक, मुलगी आणि आईवडील मिळून त्यांची उतरंड लावतात आणि सर्वांत सोप्या सवलतीपासून त्या एकेक करून कमी करतात.

घरातील वातावरण मोजता येते हेही संशोधनाने दाखवले आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासातून व्यक्त भावना ही संकल्पना पुढे आली. टीका, वैरभाव आणि रुग्णात अति गुंतून पडणे यांचे प्रमाण ज्या घरांत अधिक, तेथे स्किझोफ्रेनियासारखा आजार उलटण्याची शक्यता अधिक, असे दिसले. चंदीगडमध्ये डॉ. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत अशी टीका लंडनच्या तुलनेत कमी आढळली. एकत्र राहण्याची आणि सांभाळून घेण्याची सवय हे आपल्या घरांचे बळ आहे, आणि कुटुंबोपचार याच बळावर उभा राहतो.

मर्यादा, कायदा आणि जबाबदारी

या उपचाराची परिणामकारकता सर्व आजारांत सारखी नाही. किशोरवयीन मुली-मुलांनी वजन वाढण्याच्या भीतीने जेवण तोडण्याच्या विकारात, म्हणजे अॅनोरेक्सियात, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या कुटुंबोपचाराचा पुरावा बळकट आहे. वर्तनाच्या तीव्र समस्या, व्यसने आणि गंभीर मनोविकार उलटू न देणे यांतही तो उपयोगी ठरतो. नैराश्यात मात्र त्याला मुलाच्या वैयक्तिक मानसोपचाराची आणि गरज असल्यास औषधांची जोड लागते, तर द्विध्रुवी विकार व स्किझोफ्रेनिया यांत औषधांना पर्याय नसतो. ज्या घरात मुलाला मारहाण होते किंवा त्याचे लैंगिक शोषण झाले आहे, तेथे सर्वांना एका खोलीत बसवणे घातक ठरू शकते. तेथे मुलाची सुरक्षितता आधी येते आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असते. मुलाने खासगीत सांगितलेल्या गोष्टींपैकी काय गुप्त राहील आणि जिवाला धोका असल्यास काय सांगावे लागेल, हे चांगला उपचारक पहिल्याच भेटीत मुलाला आणि पालकांना स्पष्ट करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठरा वर्षांखालील रुग्णाला दाखल केल्यास त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि नेमलेला प्रतिनिधी किंवा सोबतीची व्यक्ती सतत त्याच्याजवळ असावी लागते. अमृतसरच्या तंबूंत ज्या विचाराची सुरुवात झाली, त्याला मुलांपुरते तरी आता कायद्याचे बळ मिळाले आहे.

बंगळुरूसारख्या शहरात या उपचारांची गरज अधिक तीव्रतेने जाणवते. देशभरातून आलेल्या विभक्त कुटुंबांत काका, मावशी, आजोबा असे मध्यस्थ जवळ नसतात, प्रवेशपरीक्षांचा ताण घरभर पसरलेला असतो, आणि मुले इंग्रजीत व कन्नडात मोठी होत असताना आईवडिलांच्या मायबोलीत मनातले बोलण्याची त्यांची सवय सुटत जाते. इंटरनेट आणि खेळांच्या अतिवापरासाठी निमहान्सने २०१४ मध्ये सुरू केलेल्या शट क्लिनिकमध्येही पालकांशी बोलणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग मानला जातो, कारण मोबाइल हिसकावून घेतल्याने मूल ज्या एकटेपणामुळे त्यात शिरले तो एकटेपणा संपत नाही.

महाराष्ट्रातही वाटा खुल्या आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मानसिक आरोग्याचा विषय मराठी घरांपर्यंत नेत आली आहे, आणि शासकीय रुग्णालयांतील 'मैत्री' क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलांशी बोलण्याची सोय आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, निमहान्स तिचे शिखर केंद्र आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

मुलाच्या मनाचा आजार ही आईवडील नापास झाल्याची गुणपत्रिका नव्हे, आणि त्यावरचे उपचार ही केवळ डॉक्टरांची जबाबदारीही नव्हे. म्हणून मुलाला घेऊन तज्ज्ञांकडे जाणाऱ्या प्रत्येक आईने आणि विशेषतः प्रत्येक वडिलांनी पहिल्याच भेटीत 'याला काय झाले आहे' या प्रश्नासोबत 'आम्ही घरात काय वेगळे करावे' हाही प्रश्न विचारावा, त्या बैठकांसाठी कामावरून सुटी काढावी, आणि मुलाने जगण्याविषयी निराशेचा एक शब्द जरी उच्चारला तरी पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.